काटकीचा गंधार

३ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचणार कोण? मीच.
सून माझ्या क्लासची जाहिरात छापून घेतेय. म्हणाली, आई, तुमचं शिक्षण सांगा आणि पद्धत सांगा. शिक्षण: गाण्याच्या बाईंच्या घरी बारा वर्षं. तिथे काय करत होते ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
पद्धत: प्रत्येकाला वेगळं औषध. दातांच्या डॉक्टरला चुचकारून. रिटायर्ड मास्तरांना नुसती मान डोलवून, त्यांना ऐकू कमी येतं. काटकीला ओरडून.
काटकी वरच्या मजल्यावरची, नऊ वर्षांची. हाडं आणि दोन वेण्या. सारेग म्हणताना हिचा ग, म्हणजे गंधार, पेटीच्या वर जातो. दोन वर्षं सांगतेय, पेटी ऐक, खाली ये. ढिम्म.

५ मार्च
काटकीच्या वर्गशिक्षिकेचा फोन. शाळेच्या कार्यक्रमात हिला एकटीला गायला उभी करू का, म्हणाली. मी स्पष्ट सांगितलं, गंधार कच्चा आहे, मागच्या रांगेत ठेवा, नुसते ओठ हलवू दे. खरं बोलायला मी कोणाच्या बापाला भीत नाही.
काटकीलाही सांगितलं. रडली नाही. पेटीवर खोळ नीट घातली आणि गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च, दुपारी
पेटीचा भाता फाटला. दुरुस्तीवाला आला. भाता चिकटवला, मग उगाच एकेक पट्टी दाबत बसला. गंधारावर आला आणि तोंड आंबट केलं. म्हणाला, आजी, हा सूर चांगलाच उतरलाय, दोन-तीन वर्षं झाली असतील, कोणी बोललं नाही?
बोलत होती ना. काटकी रोज बोलत होती, गाऊन.
सूर घासून बरोबर करून गेला. त्याला चहा दिला.

९ मार्च
काटकीला सांगायचं. शाळेतही फोन करायचा. कार्यक्रमाची यादी शुक्रवारी, चौदाला लागणार. रग्गड वेळ आहे.

१० मार्च
गुडघा दुखतोय. सून म्हणाली, फोन करायला गुडघा कशाला लागतो? हिला फार कळतं.

११ मार्च
चष्मा सापडेना. नंबर कसा बघणार? (डोक्यावरच होता. पण कळलं तेव्हा शाळा सुटली होती.)

१२ मार्च, पहाटे
खरं लिहिते. मला ऐकू येत होतं. पेटी एक म्हणायची, पोर दुसरं, आणि पोरीचंच गोड लागायचं. पण बाईंच्या घरी मी बारा वर्षं लादी पुसली. गाणं शिकले ते दाराआडून, फडकं पिळता पिळता. समोर बसवून कोणी शिकवलं नाही. मग स्वतःच्या कानावर विसंबायचं कशाच्या जोरावर? पेटी चांगली दुकानातून आलेली. ती कशी चुकेल?
उद्या फोन. नक्की.

१३ मार्च
केला. लगेच लागला, मेला. वर्गशिक्षिका म्हणाली, बोला आजी. मी म्हटलं, तब्येत बरी ना? बरी आहे म्हणाली. ठेवला.

१४ मार्च, संध्याकाळी
जाहिराती छापून आल्या. बारा वर्षांचं शिक्षण, ठळक अक्षरात.
काटकी उड्या मारत आली. यादी लागली, मी मागच्या रांगेत, म्हणाली, पण आजी, तुमचा गंधार जमला, आठवडाभर घरी बसून बसवला. गायली. गंधार खाली. अगदी दुरुस्तीआधीच्या पेटीइतका, केसाचाही फरक नाही. आता पेटीशी जुळेना, तशी बावरली. मग हळूच विचारलं, आजी, पेटी बिघडली का?
सांगायची वेळ हीच होती.
हो म्हटलं. जरा बिघडलीय.
असू दे, म्हणाली, दुरुस्त होईल.
ती गेली. मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. बाहेर चपला घालताना ती स्वतःशीच गुणगुणत होती. समोर पेटी नाही, मी नाही. गंधार पुन्हा वर, जागच्या जागी. जिना चढेपर्यंत तीनदा.
मी दाराआडून ऐकत होते. हातात फडकं तेवढं नव्हतं.