उजवा हातमोजा

मंगळवार, १२ मार्च
दुपार

प्रिय ताई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. कंबर कशी आहे? भाचीची परीक्षा संपली का? इथे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीकच म्हणायचं.

सकाळी आमच्या ॲम्ब्युलन्सला काचेच्या कारखान्यातून बोलावणं आलं. आमचा ड्रायव्हर भोपू, त्याने नेहमीप्रमाणे भोंगा वाजवून अख्खा रस्ता डोक्यावर घेतला. एक कामगार पिंपासकट पडला होता, बाही चिंब. पिंपावर ना नाव ना चिठ्ठी. मग मी मोबाईलवरचं ते ॲप उघडलं. रंग, वास, काय त्रास होतोय ते भरलं, की रसायन कोणतं असावं ते सांगतं. ते घ्या म्हणून साहेबांचं डोकं मीच खाल्लं होतं. लगेच उत्तर आलं: काचेवर नक्षी कोरायचं आम्ल. हॉस्पिटलला कळवलं, त्यांनी नेमकं मलम तयार ठेवलं. त्याचा हात वाचेल म्हणतात. साहेबांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली.

ताई, इथवरच लिहिणार होते.

जाड हातमोज्याने स्क्रीन चालत नाही. मी उजवा मोजा काढला आणि घाईत त्याच हाताने त्या कामगाराची बाही धरली. ॲपने शेवटी विचारलं, तुमच्यापैकी कोणाच्या अंगाला लागलं का? मी ‘नाही’ दाबलं. त्याच ओल्या बोटाने. मोजा काढायचा नाही, हे नव्या पोरांना ओरडून शिकवणारी मीच! कळलं तर साहेब ॲपच बंद करतील, म्हणून गप्प बसले. हात मात्र खसाखसा धुतला.

पण हे आम्ल आधी दुखत नाही, असंही ॲप सांगतं. काही तासांनी दुखतं, हाडापर्यंत जातं, हृदयालाही धोका असतो. तेव्हापासून सारखी बोटं बघतेय, जीव टांगणीला लागलाय. मघाशी नखाखाली ठणका सुरू झाला. आधी वाटलं मनाचे खेळ. नाहीत गं. खूप भीती वाटतेय. भोपू समोर डबा खातोय, त्याला हाक मारते.

ताई, मी भोपू. तिला पेन धरवत नाही. डॉक्टरांना सगळं मीच सांगितलं, ती नको नको म्हणत होती. मलम लावलंय, छातीला तारा जोडल्यात. बोटांचं विचारलं की डॉक्टर दुसरंच काहीतरी बोलतात. तुमचा फोन लागत नाही, म्हणून पत्र माझ्या भावाबरोबर पाठवतोय. त्याची गाडी दाराशी उभी असेल.

ताईला घाबरवू नकोस, असं तिने बजावलंय. पण तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा.

आपला,
भोपू