साहेब गवत खात नाहीत

तीर्थस्वरूप ताईच्या उजव्या पायाशी (डावा प्लास्टरमध्ये असल्याने त्याला सध्या नमस्कारातून सूट) धाकट्या भावाचा साष्टांग दंडवत.

भाचीकडे तुझी बडदास्त नीट चालली असेल आणि तू तिच्या स्वयंपाकात चुका काढू लागली असशील, म्हणजे प्रकृती सुधारते आहे असं धरून चालतो. आम्ही उभयता बरे आहोत. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर माझी बोलायची पाळी येईपर्यंत तू फोन ठेवलेला असतेस. दुसरं कारण तुझा ससा, म्हणजे साहेब. (हे नाव तूच ठेवलंस, कारण पुढ्यात काहीही ठेवा, आधी नाक हलवून नापसंती दाखवायची त्याची रीत.) पिंजरा माझ्या हाती देताना तू म्हणालीस की माझ्याकडे त्याला करमायचं नाही, तो खाणं सोडेल. हे मला फार लागलं. तुझं म्हणणं खोटं पाडायचंच असं मी ठरवलं, आणि साहेबांनी पहिल्याच दिवशी ते खरं करून दाखवलं.

सुक्या गवताच्या जगण्यापुरत्या चार काड्या चघळायच्या आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं, असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार काही नाही, पण ससा फार काळ उपाशी राहिला तर हातचा जातो. आवडीचं काहीतरी देऊन तोंड चालू ठेवा. आवडीचं म्हणजे तू खिडकीत लावतेस ते गव्हांकुर. तुला विचारलं असतं तर तू प्लास्टरसकट निघाली असतीस, म्हणून फोनवर ‘मजेत आहेत’ असं ठोकून दिलं आणि तुझी कृती आठवून आठवून कामाला लागलो. गहू भिजवले, ट्रेमध्ये माती पसरून पेरले. पुढे तू ओल्या फडक्याने झाकतेस हे आठवलं. आता माझ्यासारख्या न्हाव्याला ओलं फडकं एकच ठाऊक, दाढीआधी गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठेवायचा वाफाळता टॉवेल. तोच घातला, आणि निवला की बदलतही राहिलो. कोंबांऐवजी आंबूस वास आला. तुझी भावजय म्हणाली, गहू छान शिजलेत, मीठ तेवढं राहिलंय.

दुसरा ट्रे मी दुकानातच आरशाखाली ठेवला, म्हणजे डोळ्यांसमोर राहील. तो मात्र असा उगवला म्हणतेस, बघत राहावं. येताजाता पाणी मारत होतो. पण चार पाती पुढे, दोन मागे, असं वाकडंतिकडं वाढलेलं मला बघवतं का? (गिऱ्हाईक उठून गेलं तरी त्याचे कल्ले माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, तुला माहीत आहे.) मी कात्री-कंगवा घेऊन रोज वरून समान करू लागलो. गवत वीतभर व्हायचं ते दोन बोटांवरच अडलं, पण कट असा बसला की माणसं नुसती बघायला येऊ लागली. त्यात आपले टक्कल पडलेले हेडमास्तर. त्यांनी गवतावरून हात फिरवला, मग स्वतःच्या डोक्यावरून फिरवला, आणि हळूच विचारलं की याला कोणतं पाणी लावता. मी स्प्रेची बाटली दाखवली. त्या दिवसापासून ते रोज येऊन डोक्यावर तेच पाणी मारून घेतात. अजून काही उगवलेलं नाही, पण माणूस आशेवर जगतो.

शेवटी मन घट्ट करून एक कोपरा कापला आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी नाक हलवलं, दोनदा शिंकले आणि पाठ फिरवली. माझा जीव थाऱ्यावर राहिना. तुला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात. तेव्हा तुझ्या भावजयीने ती मूठ उचलून हुंगली.

“अहो, बाटलीत दाढीनंतरचं सुवासिक पाणी आहे,” ती म्हणाली. “तुमच्या दुकानाचा हा वास मी लग्न झाल्यापासून सोसतेय. त्या मुक्या जनावराने का सोसावा?”

तिसरा ट्रे तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत स्वतः लावला आणि मला हात लावायची बंदी केली. साधं पाणी, साधं फडकं. गवत वीतभर झालं, साहेबांपुढे ठेवलं, आणि साहेबांनी ते नुसतं पाहिलं. तुझी भावजय खरंच रडकुंडीला आली. नेमका तेव्हा तुझा फोन वाजला. मी घाबरून भलतंच बटण दाबलं आणि तुझा आवाज घरभर घुमला, “खातोय का मेला, की नखरे चाललेत?” ताई, साहेबांचे दोन्ही कान ताठ झाले. तू मला झाडत राहिलीस आणि ते एकेक पातं ओढून खात राहिले. तू थांबलीस, ते थांबले. त्यांना जेवताना कोणीतरी बोलणारं लागतं, हे तू कृतीत सांगितलंच नव्हतंस.

आता तुझी भावजय रोज पिंजऱ्याजवळ बसून मला बोलते आणि साहेब खातात. दोघांचीही तब्येत सुधारली आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. साहेबांना इथे करमतं. तुझी इकडे न येण्याची तेवढीच सबब होती, असं मला आठवतं.

ता. क. (यांच्या माघारी) वन्सं, पत्र मी वाचलं. मागच्या खोलीचं दार यांनी तुमचा वॉकर जाईल एवढं रुंद करून घेतलंय, पण तोंडाने विचारायचा धीर होईना, म्हणून हे सशाचं पुराण. प्लास्टर निघालं की त्या एकट्या घरी जाऊ नका, इकडेच या. मलाही तुम्ही हव्या आहात. आणि लवकर या, यांना बोलून बोलून माझा घसा बसलाय, आणि साहेबांचं अजून अर्धंच पोट भरतंय.