खोकला काढलेलं गाणं

माय, तुझा खोकला त्यांनी काढून टाकला. गाण्यांच्या कंपनीला खरमरीत लिहावं म्हणून कागद घेऊन बसले होते, पण पहिल्याच ओळीत तूच आलीस, म्हणून तुलाच लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि तुझ्याशी मी मराठीत कधी एक वाक्य बोलले नाही. पण शाळेनं हात धरून लिहायला शिकवली ती हीच भाषा, आणि पुढं जन्मभर मी तीच शिकवली, तेव्हा हिच्यातच ऐकून घे.

तुम्ही चौघींनी मुंबईला जाऊन गायलेली गाणी आता पुन्हा बाजारात आली आहेत. तुमच्या काळ्या, जड, हातातून निसटली की फुटणाऱ्या तबकड्या एका बाजूला एक गाणं घ्यायच्या. आता तुमची सगळी गाणी तळहाताएवढ्या दोन चकत्यांत मावली आहेत आणि वर चांगला रंगीत खोका आहे. खोक्यावर तेव्हाचंच नाव छापलं आहे, सातपुडा भगिनी. ते नाव तबकडी काढणाऱ्या मुंबईच्या साहेबानं ठेवलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसला होतात, कारण चौघींच्या जाती चार, आणि सातपुड्यातली म्हणाल तर तुमच्यातली मोलगीकडची बाई तेवढी एकटीच. खोक्यावर डोईवर घडे घेतलेल्या चार गोऱ्या बायका छापल्या आहेत. त्या कोण, कुठल्या, देव जाणे. तुमच्या हातात मिरची सोडून दुसरं काही मी तरी पाहिलं नाही. पण चित्राचं मी मनावर घेतलं नाही. चित्र काय, पोटासाठी कुणीही काढतं.

मला हवी होती ती भावाच्या गावाला जाण्याच्या गाण्यातली एक जागा. तू विसरली नसशील. बाकी सगळ्या गाण्यांत तू चौघींत मिसळलेली आहेस, चार घरच्या दुधातून एका घरचं दूध वेगळं काढता येईल का? त्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मात्र तू एकटी आहेस. ‘मन्हा भाऊना गा’ एवढं म्हणतेस, ठसका लागतो, दोनदा खोकतेस, आणि मोलगीवाली तुझा तुटलेला शब्द तिथूनच उचलते, ‘वले, तापी आडी उनी’, भावाच्या गावाला जाताना तापी आडवी आली. अडीच शब्द आणि एक खोकला. साऱ्या जगात तुझं तुझं म्हणून जे उरलं होतं ते एवढंच. तुझा फोटो नाही, अंगठा सोडून सही नाही, लुगडी वाटून टाकली.

नातीनं तो संच मागवला. इथं पुरुषोत्तमनगरात, साखर कारखान्याच्या वसाहतीत, मी मुलाकडे राहते. दुपारी सगळे कामावर गेल्यावर खुर्ची ओढून बसले. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं, मी पदर तोंडाशी धरला, आणि ती जागा आली तशी गेली. ‘मन्हा भाऊना गावले, तापी आडी उनी’, सरळ, गुळगुळीत, सारवलेल्या अंगणासारखं. वाटलं, आपलाच कान म्हातारा झाला. पुन्हा लावलं. मग कळलं. हीच ओळ पहिल्या कडव्यातही येते, तिथली धड ओळ उचलून त्यांनी दुसऱ्यात चिकटवली आहे, आणि ती ओळ तुझी नाही, मोलगीवालीची आहे. खोकला गेलाच, त्याच्याबरोबर तुझे अडीच शब्दही गेले.

खोक्यावर नंबर होता, लावला. तिकडून एक पोरगा बोलला, आवाजाला गोड, आणि त्या गोडव्याचाच मला जास्त राग आला. म्हणाला, “आजी, ते डिस्टर्बन्स होतं. आम्ही गाणं अगदी पहिल्यासारखं केलंय.” म्हटलं, “पहिल्यासारखं म्हणजे खोकल्यासकट. तबकडी आली तेव्हा मी होते, तू नव्हतास.” तो हसला. “लोकांना ऐकताना खटकतं हो आजी.” लोकांना खटकतं, ऐकलंस? दिवाळी मागे पडली की शिमग्यापर्यंत तुम्ही मिरचीच्या त्या लाल धुळीत बसायचात तेव्हा कुणाला खटकलं नाही. ती मिरची वाटणात घालून लोकांनी मिटक्या मारल्या, आणि आता तिचा ठसका तेवढा कानाला नको. मी विचारलं, न धुतलेलं गाणं तुमच्याकडे आहे की नाही. म्हणाला, “आहे ना आजी, पण ते बाहेर देता येत नाही.” म्हणजे आहे. मुंबईत कुठल्याशा कपाटात माझी आई खोकते आहे, आणि ती बाहेर देता येत नाही.

त्या पोराला मी पथारी कशी सांगू? नंदुरबारच्या बाहेर, रेल्वेच्या रुळापलीकडे, नजर जाईल तिथवर जमिनीवर वाळत घातलेली लाल मिरची, आणि तिच्यात ओळीनं बसलेल्या, नाकातोंडाला फडकं बांधलेल्या तुम्ही बाया. मिरचीचा देठ खुडायचा, मिरची इकडे, देठ तिकडे, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. रविवारी शाळा नसली की मी तिथेच असते, तुझ्या पाठीशी, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. तुम्ही गाता, कारण गाण्याशिवाय तो दिवस सरत नाही. आणि तिथं कुणालाही आख्खी ओळ म्हणता येत नाही. मध्येच कुणाच्या तरी घशात मिरची जाते. ती शब्द सोडते आणि खोकते, शेजारची तो शब्द पडायच्या आत झेलते, पुढं तिला ठसका लागला की तिसरी. म्हणून तुमचं गाणं तसं होतं, एका शब्दात दोन गळे. कुणी एकीनं ओळ धरून ठेवायची नाही, कुणी खोकला दाबायचा नाही. नवी बाई लाजून खोकला गिळायला लागली की गाणं कुठं पळून जात नाही असं समजावत तू म्हणायचीस, “खोकला उना ते खोकी ले. गानं काय पयी जास का?”

मला एकदा तू रागावलीस ते यावरूनच. शाळेत पाठांतराला शाबासकी मिळाली होती, त्या तोऱ्यात मी पथारीवर तुमचं आख्खं गाणं घडाघडा म्हणून दाखवलं. मला वाटलं, कौतुक होईल. तू मान वर न करता म्हणालीस, “आख्खं गानं एकलीच म्हनशी ते बाकीन्या काय करतीन?” बायका हसल्या, मी रुसले. संध्याकाळी चुलीशी तू माझी समजूत काढलीस ती कोपरानं. हंगामात तू मला हातानं कधी शिवायची नाहीस. राख लावून, तेल चोळून, धुऊन धुऊनही तुझे हात भगभगत असत. भाकरी थापताना तू ओठ दाबून धरायचीस. तोंडावर आलेले माझे केस कोपरानं मागे सारायचीस आणि म्हणायचीस, होळीनंतर. तेव्हा मी रुसून बसायचे.

मुंबईत गाणी तबकडीवर घेतली ती गोष्ट मी पाहिली नाही. मला तू शेजारी ठेवून गेलीस. पण परत आल्यावर पथारीवर चौघींनी मिळून ती सांगितली, आणि तीही गाण्यासारखीच, एकीचं वाक्य दुसरीनं उचलत. स्टेशनाजवळ राहणारी थोराड बाई म्हणाली, “भित्यासले बी गोधड्या लायेल व्हत्यात. धूळ नही, वारा नही.” तिच्याजवळची म्हणाली, “घसा कसा साफ व्हयी गया. चौघीजनी म्हनूत, पन गानं उठेच ना.” मोलगीवाली तिच्या डोंगरी हेलात म्हणाली, “कोनी शब्द सोडेच ना. तू सोडशी ते मी उचलसू ना.” साहेब वैतागला, घड्याळ पाहायला लागला, म्हणाला, पथारीवर गायलात तसं गा. तुम्ही तरी काय करणार? इथवर सांगून सगळ्याजणी तुझ्याकडे पाहायला लागल्या, आणि तू देठ खुडता खुडता म्हणालीस, “मंग मी मिरची चुरी.” वाटेत भाकरीशी खायला पदरात बांधलेल्या सुक्या मिरच्या तू दोन्ही तळहातांत चुरल्यास आणि भिंतींना गोधड्या लावलेल्या त्या खोलीत उडवल्यास. साहेब शिंकत, डोळे चोळत बाहेर पळाला. तू त्याला दारातून हाक मारून सांगितलंस, “साहेब, आते लावा तुमनं यंतर.” आणि गाणं उठलं.

तेव्हा मीही हसले होते. आता हसू येत नाही, कारण आता कळतं की त्या वेळी तुझी छाती आधीच पोखरली होती. रात्री तू उशी उभी करून बसायचीस आणि कुणी विचारलं तर म्हणायचीस, काही नाही, मिरची शे. मिरची शे, मिरची शे, करत करत मी अध्यापिका विद्यालयात असताना गेलीस. पथारीच्या मालकानं कधी नाकाला बांधायला फडकं दिलं नाही, पण तबकडी आली तेव्हा पेढीवर चारचौघांत वाजवून मिरवला. त्याचा राग आहेच. पण तुझाही आहे, माय. त्या बंद खोलीत मिरची चुरायला तुलाच कशाला पुढं व्हायचं होतं? बाकीच्या तिघी नव्हत्या? आणि तू स्वतःचा घसा जाळून जो खोकला गाण्यात घातलास तो आता कचरा म्हणून झाडून टाकतात, याचा राग मी कुणावर काढू?

तू गेल्यानंतर आपली तबकडी माझ्याजवळ होती, पण वाजवायला यंत्र नव्हतं. ती भिंतीला उभी ठेवली होती, बदलीच्या सामानात फुटली. स्टेशनसमोरच्या चहावाल्याकडे मात्र तीच तबकडी होती. सुट्टीत गावी आले की मी गाडीची वाट बघतेय असं दाखवून त्याच्या दुकानासमोर उभी राहायचे. पहिलं कडवं संपलं की श्वास धरायचे. तू खोकायचीस. मग मी चालायला लागायचे. त्यानं पुढं रेडिओ घेतला, तबकड्या कुठं गेल्या त्यालाही सांगता येईना. तेव्हापासून मी वाट पाहत होते. हा संच येणार असं नातीनं सांगितलं त्या दिवशी मी घरात शिरा केला होता.

मुलगा म्हणतो, “आई, ज्या खोकल्यानं आजी गेली, तोच कशाला ऐकायचाय तुला?” तो वाईट नाही, त्याला वाटतं मला त्रास होईल. काय सांगणार त्याला? पथारीवर खोकला आला की आम्हा शेजारपाजारच्या पोरांना कळायचं, कुणाची आई कुठं बसली आहे. सगळ्यांची तोंडं बांधलेली, सगळ्या सारख्या लाल. मी खोकल्यावरून तुला शोधून काढायचे.

कंपनीला आता लिहीत नाही. तो गोड आवाजाचा पोरगा पुन्हा गोडच बोलेल. हा कागदही तांदळाच्या डब्याखाली जाईल, तू काही पोस्टमनची वाट बघत नाहीस. पण एक तुला सांगायलाच हवं. दुपारी घरात कुणी नसलं की मी ते गाणं लावते, आणि दुसऱ्या कडव्यात ती जागा आली की गाण्याच्या आवाजावर मीच खोकते. परवा नात अचानक लवकर घरी आली होती, तिनं धावत गरम पाणी आणलं. मी निमूट प्याले. कधी मी आखूड खोकते, कधी लांब, कधी छातीतून, कधी नुसतं घशातून. यातला तुझा कुठला, ते मला आता आठवत नाही.