जाड टायरातली बारीक ट्यूब

अप्पा, तुम्हांला तमिळ वाचता यायचं, ही लिपी नाही. मीसुद्धा ती लग्न होऊन पुण्याला आल्यावर शिकले. म्हणजे तुम्ही असतात तरी हे तुम्हांला वाचता आलं नसतं. बरंच आहे. काल लेकीच्या गिअरच्या सायकलला ट्यूब आणायला गेले होते. दुकानदार म्हणाला, "सव्वीसची ना? कुठलीही चालेल." मी अशी तडकले की लेक लाजून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. "कुठलीही कशी चालेल? टायरवरचा आकडा वाचा आधी!" तुमचाच आवाज निघाला तोंडून.

तंजावूरच्या बाजारात तेव्हा दर महिन्याला काहीतरी नवं यायचं. आपल्या ओसरीवरच्या पंक्चरच्या दुकानात पहिली जाड टायरची सायकल आली, तेव्हा म्हैस विकत घेणाऱ्यासारखे तुम्ही तिच्याभोवती फिरलात. मग मला हाक मारून टायरच्या कडेवर बोट ठेवलंत. सव्वीस जाड-बारीक दोन्ही टायरांवर असतं, पण खरं माप पुढच्या आकड्यात. लेडीज सायकलची बारीक ट्यूबही ह्यात जाते, हवा धरते, बाहेरून काही कळत नाही. "जाते म्हणून घालू नये, बाळा. एवढं पोट भरायला ती ताणली जाते, ताणली की पातळ होते. आणि फुटते तेव्हा बरी जागा बघून फुटत नाही."

मग ती आयुधपूजा. पाने, टायर उतरवायचे लिव्हर, पंप आणि नव्या जाड ट्यूबांचं खोकं सरस्वतीपुढे मांडलेलं, प्रत्येकावर चंदन-कुंकू आणि एक एक फूल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नेम तुम्ही जन्मात मोडला नव्हता. तुम्ही आणि अम्मा नैवेद्याचं सुंडल, म्हणजे फोडणीचे हरभरे, घेऊन पापनाशमला आत्याकडे गेलेले. दुपारी मृदंग शिकवणारे सर दारात उभे. तिरुवैयारूला जायचंय, संध्याकाळी शिकवणी आहे, आणि नव्या जाड टायरच्या सायकलची मागची ट्यूब हवा भरायच्या वालजवळ चिरलेली. "अप्पा नाहीत? मग राहू दे. मुलीच्या जातीला काय जमणार!"

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. खोक्याला हात लावायचा नाही, पण मागच्या खिळ्यावर लेडीज सायकलची एक ट्यूब लोंबत होती. दोन चमच्यांच्या दांड्यांनी टायर उतरवला, ती ट्यूब घातली, सरांच्याच छोट्या पंपाने हवा भरली. टायर दगडासारखा कडक. सर म्हणाले, "शाब्बास!" आणि गेले. ते कोपऱ्यावर वळले मात्र, मला पुढचा रस्ता आठवला. तिरुवैयारूपर्यंत नद्यांवर नद्या, सगळ्या दुथडी भरलेल्या, आणि पूल इतके अरुंद की मागून बस आली तर सायकलवाल्याने कठड्याला चिकटायचं.

तुम्ही परत आलात, सर येऊन गेल्याचं मी सांगितलं आणि तुमची नजर थेट रिकाम्या खिळ्यावर गेली. "कुठली घातलीस गं?"

"जाडवाली, अप्पा."

तुम्ही खोक्याकडे बघितलंत. "बरं," म्हणालात आणि सायकल काढून देवळात जातो म्हणून गेलात. सकाळी लिव्हरवरचं कुंकू पुसलेलं होतं, खोक्यावरचं फूल खाली पडलं होतं. मी म्हटलं, उंदीर असेल.

त्यानंतर मला सुख नाही. रस्त्यात काही वाजलं की जीव उडायचा. महिन्याभराने सर रस्त्यावरून जाताना दिसले तरी भीती सरली नाही, कारण ट्यूब आतच होती आणि दिवसेंदिवस पातळ होत होती. ते वळणाआड जाईपर्यंत मी कान लावून उभी राहायची. त्यांचे हात मोडले तर? बसखाली गेले तर? तुम्ही पंक्चर काढता काढता विचारायचात, "काही सांगायचंय का?" मी म्हणायची, "कुठे काय!"

तुमच्या तेराव्याला सर आले. म्हणाले, त्या आयुधपूजेच्या संध्याकाळी तुझे वडील धापा टाकत तिरुवैयारूला शिकवणीच्या घरी आले, कपाळावर अजून गंध होतं. माप चुकलंय म्हणाले, अंगणात बसून ट्यूब बदलली, कॉफीलाही थांबले नाहीत. मी जेवणाच्या पानावरून उठून मागच्या अंगणात गेले आणि ओक्साबोक्शी रडले. रडले त्याहून जास्त चिडले. वा अप्पा! देवीपुढची हत्यारं उचललीत माझ्यासाठी, आणि मला वर्षानुवर्षं त्या पुलांवर एकटीला ठेवलंत?

त्या संध्याकाळी तुम्ही बघितलंत तेव्हा खोक्यावरचं फूल जागचं हललं नव्हतं. माझं खोटं तुम्हांला तिथेच कळलं होतं. मी आपण होऊन सांगेन म्हणून तुम्ही थांबलात, हे आता कळतं. सरांना वाटलं पोरीला माप कळलं नाही. कदाचित तुम्हीही मनाची तशीच समजूत घातली असेल. तसं नव्हतं, अप्पा. टायर उतरवण्याआधी मी तो आकडा वाचला होता.