कागद खोकत नाही

प्रिय टकळे,

पत्र मी सांगतेय, शेजारच्या मास्तरीणबाई लिहून घेतायत. माझी भाषा सुधारू नका म्हणून आधीच बजावलंय, तरी मघाशी एक शिवी गाळलीच त्यांनी.

गुरुवारी लाँड्रीत तुझ्या कामाची तपासणी झाली. तू मुख्य ऑफिसात मुलाखतीला गेलेली, त्यामुळे तुला 'पास' एवढाच निरोप पोचला. पास कशी झालीस ते ऐक, कारण ते मी केलं.

आधी तुझी फजिती आठव. रसायनांची जाडजूड फाईल साहेबांच्या कुलूपबंद कपाटातून काढून तू सॉफ्टवेअरमध्ये घातलीस. डब्यावरच्या काळ्या ठिपक्यांच्या चिकटपट्टीसमोर फोन धरायचा, की हे कशात मिसळायचं नाही, डोळ्यांत उडालं तर काय करायचं, सगळं हजर. किती मिरवलीस! आणि महिनाभर कुणी फोन धरलाच नाही. सुपरवायझर म्हणाला, बायका आळशी आहेत. तू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलीस, ताटाला शिवली नाहीस. तेव्हा मी विचारलं, अगं शहाणे, तो वीस किलोचा डबा हौदापर्यंत नेतो कोण? तीस वर्षं मी तिथं चादरी धुतल्यात. डबा कोठीतच राहतो. आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतो आणि गळ्याला दोरा बांधतो. ब्लीचला लाल, गंजाचे डाग काढायच्या आम्लाला काळा. तुझी अक्कल डब्यावर चिकटलेली आणि काम चाललेलं बाटलीत. तू ताडकन उठलीस आणि दोनदा वाढून घेतलंस. मग बाटल्यांनाही चिकटपट्ट्या लागल्या, आणि मी भुणभुण लावली म्हणून फोन बोलायलाही लागला.

तर गुरुवारी तपासनीस बाई आल्या. कडक बाई. कागद बघितले, फोन बघितले आणि म्हणाल्या, ज्याला एक अक्षर वाचता येत नाही असं माणूस आणा. सुपरवायझरला लगेच मी आठवले. जन्मभर चालत गेले त्या लाँड्रीत, शेवटी माझ्या अडाणीपणाला न्यायला गाडी आली. बाईंनी दोन बाटल्या ठेवल्या, दोरे काढलेल्या, दोन्हींत पाण्यासारखंच काहीतरी. म्हणाल्या, हौदात ब्लीच आहे, यातलं काय ओतायचं नाही ते सांगा. पहिलीवर फोन धरला, धुण्याच्या सोड्याचं पाणी निघालं. दुसरीवर धरला आणि तुझा आवाज आला. "हे आम्ल आहे. ब्लीचमध्ये ओतू नका, विषारी वाफ होते. ओतलंच असेल तर आधी बाहेर पळा, मग ओरडा." सगळी लाँड्री गप उभी राहून ऐकत होती. लहानपणी तुला गप बस म्हणता म्हणता माझा घसा सुकायचा, आणि आता बघ. मी बाटली बाजूला सारली, बाईंनी तिथल्या तिथे सही ठोकली. सुपरवायझरने मला खुर्ची दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

जाता जाता बाईंनी विचारलं, पूर्वी दोरा सुटला तर कसं ओळखायचात? म्हटलं, वास घेऊन. सगळे हसले. मी नाही हसले.

माझा खोकला दम्याचा नाही, टकळे. एकदा दोरा सुटलेली बाटली माझ्या हातात होती. ओळख न पटलेलं काही ओतू नये, असा सूचनेचा कागद भिंतीवर होता, शेजारी वाचता येणारी बाई होती, आणि हे काय लिहिलंय ते विचारायची मला लाज वाटली. हौदाच्या वाफेत वास कसला कळतोय? ओतली. घरी सर्दी सांगितली, पुढे दमा सांगितला. तुझ्या आईलाही ठाऊक नाही. मास्तरीणबाई लिहायच्या थांबल्यात. लिहा हो, अजून मेले नाही मी.

काल तुझी आई म्हणाली, चाळीस लाँड्र्यांचं काम तुला दिलंय आणि तू नाही म्हणणार आहेस, आजीचा खोकला वाढलाय म्हणून. त्या चाळीस ठिकाणी माझ्यासारखी एकेक तरी असेल, विचारायला लाजणारी. तुझा आवाज तिला हवाय. मला तो पुष्कळ पुरलाय. हे फोनवर सांगितलं असतं तर मध्येच मला ढास लागली असती, आणि तू बॅग भरून इथं हजर झाली असतीस. कागद खोकत नाही, म्हणून पत्र. आधी तिकडे हो म्हण, मग ये.

तुझीच,
अजूनही अंगठाच उठवणारी
आजी