आरशावरचे शिंतोडे

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे. उशीर झाला, पण हरकत नाही.

डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली आहे. छातीत नुसता गॅस होता. पण डॉक्टरांनाही पोट आहे. तोवर दुकान लेकीच्या हाती. एक मार्चला मी परत गल्ल्यावर. तोवर दुकान तग धरो म्हणजे झालं. नळ, पाइप, बेसिन, आरसे. हा धंदा म्हणजे पोरखेळ नाही. मी सायकलच्या कॅरिअरला पाइप बांधून सुरुवात केली, तिने एमबीए करून. फरक राहतोच.

दुकानात नुसती चक्कर मारावी म्हणून चपला घातल्या, तर बायको म्हणाली, अहो, विश्रांती म्हणजे काय रिकामं बसणं नाही, घरातलं एखादं काम अंगावर घ्या. बाथरूमचे आरसे घ्या, तुमच्याच धंद्यातले आहेत. बाईला माणसाची पारख आहे. काम स्वीकारलं. चपला काढल्या.

४ फेब्रुवारी
आयुष्यभर आरसे विकले, पुसला एकही नाही. पुसायला माणसं होती. पण तत्त्व ठाऊक आहे: पाणी आणि रद्दी. पुसला. शाई उतरली. आरसा करडा, हात काळे. त्याच हातांनी नळ, दार, स्विच आणि पांढरा टॉवेल. हिने नुसतं बघितलं. पण हिच्या बघण्यालाही आवाज असतो आणि माझे कान तिखट. दुकानाच्या पायरीवर चप्पल वाजली की न बघता सांगायचो, हा घेणारा आहे की नुसता नळ फिरवून जाणारा.

रद्दीचा कागद हल्ली हलका येतो. दोष तिथे आहे.

६ फेब्रुवारी. दुपार
व्हिनेगर! निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, आणि कपाटात सापडलेलं एक मऊसूत फडकं. आधी आडवा हात, मग उभा. आरसा असा लखलखला की त्यात मी दहा वर्षांनी लहान. लेकीला संध्याकाळी दाखवला. ती म्हणाली, बाबा, छान झालाय, पण तो माझा स्कार्फ होता.

चांगल्या कामाला चांगला माल लागतो. एवढं एमबीएत शिकवत नाहीत.

७ फेब्रुवारी
शिंतोडे! टूथपेस्टचे, पांढरे, ठिपक्याठिपक्यांचे. कालच्या माझ्या मेहनतीवर!

चौकशी केली. घरात माणसं तीन. मी तोंड मिटून ब्रश करतो. लेक आठला बाहेर पडते आणि तेव्हा आरसा स्वच्छ होता, मी स्वतः पाहिला. राहिली बायको. ती म्हणाली, छे बाई, मी तर खाली वाकून चूळ भरते. म्हणजे गुन्हेगार कुणीच नाही. नळाला प्रेशर जास्त असणार.

पुसण्यात अकरा वाजले. दुकानात जायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी
गेले चार दिवस तोच प्रकार. मी चपलेत पाय घातला की आतून हाक: अहो, आरसा! माझ्याशिवाय या घराचं पान हलत नाही. दुकानाचं कसं हलत असेल, देव जाणे.

नवा प्रयोग. आरशाला दाढीचा फेस चोळून पुसला की वाफ धरत नाही, असं ऐकलं होतं. वाफ धरली नाही हे खरं. त्याऐवजी आरशानेच एक कायमचा ढग धरला. त्या ढगात मिशी कोरायला घेतली. डावी बाजू जास्त गेली. बरोबरी करायला उजवी घेतली. मग उजवी जास्त. शेवटी दोन्ही बाजूंना समान न्याय दिला आणि मिशी साफ उतरवली.

ही म्हणाली, शोभून दिसतंय. तोंडाला पदर लावून म्हणाली.

१७ फेब्रुवारी. संध्याकाळ
आज ही आंघोळीला गेल्याची संधी साधून दुकानात गेलो. बरं झालं गेलो! लेकीने सगळे नळ भिंतीवर टांगून ठेवलेत, खाली किमतीच्या चिठ्ठ्या. मग गिऱ्हाइकाने मालकाला विचारायचं काय? विचारलं तर बोलणं होतं, बोलण्यातून नातं जुळतं. मी निम्मे नळ उतरवून पुन्हा खोक्यात घातले.

तेवढ्यात एक बिल्डर आला. आख्ख्या इमारतीच्या बाथरूमची ऑर्डर. लेक त्याला कागद दाखवत होती. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि सायकलची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. शिवाय त्याने पसंत केलेला नळ वर्षभरात गळतो हेही सांगून टाकलं. खोटं बोलून धंदा केला नाही कधी. तो भारावून घड्याळाकडे बघत होता. म्हणाला, कळवतो.

लेकीचा चेहरा लाल झाला होता. बापाचा अभिमान वाटतो, पण पोरगी बोलून दाखवत नाही. आमचा जुना सेल्समन लंबू लगेच म्हणाला, मालक, उन्हाचे आलात, घरी सोडू का? असा जिव्हाळा पगार देऊन मिळत नाही.

१८ फेब्रुवारी
शिंतोडे दुप्पट. दुसऱ्या बाथरूमच्या आरशावरसुद्धा! एका जागी तर तेलाचा हात. नळाच्या प्रेशरला तेल कुठून आलं?

पूर्ण सकाळ गेली.

२४ फेब्रुवारी
बाथरूमच्या झरोक्यातून बाल्कनीतलं सगळं ऐकू येतं. ही फोनवर लेकीला सांगत होती, अजून तासभर तरी बाहेर पडत नाहीत ते, कोपरे घासतायत. कौतुकाने सांगत होती. कौतुक पाठीमागे होतं तेच खरं.

कोपरे आणखी घासले.

२७ फेब्रुवारी
जेवताना जाहीर केलं: शनिवारी एक तारीख, मी परत दुकानात. लेकीचा घास हातातच राहिला. आनंद गिळायलाही वेळ लागतो.

मग ती म्हणाली, तो बिल्डर शनिवारी ऑर्डर पक्की करायला येतोय. मी म्हटलं, बघ, सायकलची गोष्ट वाया जात नाही! ती म्हणाली, मी दोनदा त्याच्या ऑफिसात जाऊन माफी मागितली, बाबा. कशाची माफी ते विचारायचं राहिलं. बायकोने मध्येच भाजी वाढली.

१ मार्च, शनिवार
इस्त्रीचा शर्ट घातला. केसांवरून कंगवा फिरवावा म्हणून बाथरूमकडे गेलो. दार अर्धं उघडं. आत बायको. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माझा जुना ब्रश, त्यावर पेस्ट. अंगठ्याने ब्रशचे केस मागे ओढायची आणि सोडायची. आरशावर शिंतोडे, बारीक, एकसारखे. हात बसलेला होता.

फोनमध्ये म्हणाली, मारले गं. आज शर्ट घालून बसलेत, म्हणून जरा जास्तच मारलेत. तू निवांत बोल बिल्डरशी.

लेकीचा आवाज बारीक होता, पण माझे कान. म्हणाली, आई, बाबांना कळलं तर वाईट वाटेल गं.

ही म्हणाली, वाटेलच. मग काय करू? डॉक्टरांनी दगदग नको म्हणून बजावलंय. छातीत दुखलं त्या रात्री घामाने डबडबलेले, मी पाहिलेत, तू नाही. सांगून ऐकणारा माणूस आहे का तो? कामाला जुंपला तरच घरी थांबतो. रांगडा बैल आहे माझा.

मी पावलं न वाजवता मागे आलो. खुर्चीत बसलो. थोड्या वेळाने हाक आली: अहो, आरसा!

आलो, म्हटलं. शर्ट काढून ठेवला. व्हिनेगरचा वास कपड्याला धरतो.

संध्याकाळी लेक पेढ्यासारखं तोंड करून आली. ऑर्डर मिळाली. मी म्हटलं, शाब्बास. दुकानाचं पुढच्या महिन्यात बघू. घाई कुणाला आहे?

३ मार्च, सोमवार. सकाळी नऊ
ही लवकरच बाहेर गेली, बहिणीकडे. घाईत विसरली असणार. आरसा स्वच्छ. लख्ख. त्यात बिनमिशीचा एक म्हातारा, हातात फडकं घेऊन उभा.

चपला दाराशीच होत्या. थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं.

मग ब्रश घेतला, पेस्ट लावली, अंगठ्याने केस मागे ओढून सोडले. निम्मे शिंतोडे माझ्याच बनियनवर. हिच्यासारखे बारीक उडत नाहीत अजून.

सराव हवा.