कमरेपर्यंत पोचणारे हात

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय डार्लीन,

तू आणि मॉरिस दोघंही बरे असाल, असं धरून चालते. फोन करून विचारता आलं असतं, पण फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणतेस आणि मी तोंडात शब्द धरून बसते. म्हणून हे पत्र.

इकडे गहू उगवून आलाय, पण पावसाचं नाव नाही. डेल हरणांच्या शिकारीच्या तयारीत आहे. रायफल रोज पुसतो, जेवणाचं टेबल मात्र कधी पुसत नाही. कोडी अजून आयोवातच आहे पवनचक्क्यांच्या कामावर, लेकीला माझ्याकडे सोडून; थँक्सगिव्हिंगला येतो म्हणाला. तुझे लोणी घालून कुस्करलेले बटाटे नसले तर त्याला सण वाटत नाही, हे तुला ठाऊक आहेच. आईचं म्हणशील तर ती त्या वृद्धाश्रमात माझ्यापेक्षा सुखी आहे. नर्सला डार्लीन म्हणते आणि मला विचारते, "बाई, तुम्ही कोण?"

हॅडली ठीक आहे.

ठीक आहे असं लिहिलं खरं. दाताच्या डॉक्टरांनी फुटलेल्या दातावर तात्पुरती टोपी बसवली आहे. दुधाचा दात असता तर उशीखाली ठेवून विसरलो असतो, पण हा नुकताच आलेला, पक्का दात. किती मिरवला होता तिने! आता हसू आलं की तोंडावर हात धरते. शाळेतून नर्सचा फोन आला होता की पाण्याच्या नळापाशी पाय घसरला. हॅडलीही तेच सांगते. मला, डॉक्टरांना, फोनवर बापाला, सगळ्यांना तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे न करता. सहा वर्षांचं पोर साधी मांजराची गोष्टसुद्धा दोनदा सारखी सांगत नाही. मला तिथेच कळायला हवं होतं.

मग तू आलीस, तिच्यासाठी स्टिकरचं पाकीट आणलंस, दारातच दिलंस आणि गेलीस. मला वाटलं, माझ्यावरच्या रागाने आत येत नाहीयेस.

गेल्या रविवारी आईच्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर आई एकदम शुद्धीवर आल्यासारखी म्हणाली, "तुम्ही दोघी अबोला धरून बसलात ना? घ्या बघू एकमेकींना जवळ." तू अंग चोरलंस. मीच ओढलं तुला. आणि माझा हात तुझ्या स्वेटरखालच्या त्या कडक गोष्टीला लागला. आईच्या वाढदिवसाला, आश्रमात, केकच्या टेबलाशी! तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. मग मी केक खाल्ला. कशाचा होता ते आता आठवतसुद्धा नाही.

गाडीत बसल्यावर हॅडली मागच्या सीटवरून हळूच म्हणाली, "आजी, तुलापण लागलं ना ते?"

"काय गं?"

"डार्लीन मावशीआजीचं. पण सांगायचं नाही हं कुणाला. नाहीतर तिची नोकरी जाईल. मी कुणालाच नाही सांगितलं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मग तिच्या तोंडून बाकीचं सगळं आलं.

तुमच्या पहिलीच्या वर्गात एक खेळ चालतो, तुला माहीत आहे का? पिस्तूल कोणाकडे आहे ते ओळखायचं. शाळा समितीने शिक्षकांना वर्गात पिस्तूल बाळगायचे परवाने दिले, कोणाला दिले ती नावं आमच्यापासून लपवली, आईबापांना विचारायचीसुद्धा बंदी केली, आणि पोरांनी ती नावं केव्हाच हुडकून काढली. मागून जायचं आणि कमरेला मिठी मारायची, बस्स. हॅडली म्हणाली, "मिसेस ओटवेलकडे नाहीये, त्या सगळीकडून मऊ आहेत. ज्या टीचर मिठी मारू देत नाहीत ना, त्यांच्याकडे असतं." तू मिठी मारू द्यायचं बंद केलंस याचं तिला वाईट वाटत होतं. म्हणून ती खेळ म्हणून नव्हे, खरीच मिठी मारायला आली होती त्या दिवशी. आणि पिस्तूलवाल्या शिक्षकांच्या त्या शिबिरात तुम्हाला शिकवलंय ना, मागून कमरेशी हात आला की आधी कोपर मारायचं, मग बघायचं? तू तेच केलंस. चांगली विद्यार्थिनी तू पहिल्यापासूनच.

त्या शिकवणाऱ्याच्या डोक्यात दांडगा माणूस असणार गं. पहिलीतल्या पोराचे हात कमरेपर्यंतच पोचतात, हे त्याच्या डोक्यात कशाला येईल? पण तुझ्या यायला हवं होतं. तू जन्मभर पहिलीलाच शिकवते आहेस.

परवाने द्यायचं ठरलं त्या सभेत तू उभी राहिलीस तेव्हाचं माझ्या अजून कानात आहे. "शेरीफला यायला अर्धा तास लागतो. तोवर मी काय करू, खडू फेकून मारू?" सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या. मी बोलायला उठले तर मागून कोणीतरी ओरडलं, "ट्वायला, तू आपली शाळेची बस चालव!" हशा झाला. तूही हसलीस. मला ते अजून झोंबतं, लपवत नाही. पण त्या रात्री मी डेलला म्हटलं होतं की डार्लीनचं सगळंच चूक नाही. शेरीफ लांब आहे हे खरं. तुझी भीती खरी आहे. माझ्या दाराआड बंदूक आहे आणि कोंबड्यांवर टपलेला कोल्हा मी खिडकीतून टिपलेला आहे, मला कोणी बंदुकीला घाबरणारी शहरी बाई म्हणू नये. तू तुझ्या पोरांसाठी मरशील, यात मला कधीच शंका नव्हती.

पण तू तिला गप्प राहायला सांगितलंस, डार्लीन.

फुटलेला दात मी गिळला असता. कोपर म्हणजे चूक, चूक कोणाकडूनही होते. पण रक्ताने भरलेलं तोंड पुसता पुसता तू तिला म्हणालीस, "हे आपल्या दोघींचं गुपित." दर सप्टेंबरला पोरांना गोलात बसवून तूच शिकवतेस ना, मोठं माणूस 'हे आपल्या दोघींचं गुपित' म्हणालं की धावत घरी येऊन सांगायचं? हॅडलीला ते पाठ आहे. गाडीत मला म्हणाली, "पण टीचरनेच सांगितलं असेल तर?" सांग, याला मी काय उत्तर देऊ? त्या शाळेत उद्या खरंच कोणी हरामखोर शिरला तर तुझं पिस्तूल कामी येईल की नाही, देव जाणे. आजच्या घडीला त्याचं एकच काम झालं आहे. एका पोरीला खोटं बोलायला शिकवलं, आणि तेही प्रेमापोटी.

सोमवारी समितीची सभा आहे. मी नाव लिहून दिलं आहे, बोलणार आहे. तुझं नाव घेणं म्हणजे नियम मोडणं, हे मला माहीत आहे. माझ्यावर कारवाई होईल, तुझं शाळेतलं काम जाईल, आणि या गावात मला नमस्कार करणारं कोणी उरणार नाही. तरी मी बोलणार. तू स्वतः उठून सांगितलंस तर मी खुर्चीतून हलणार नाही.

पण त्याआधी रविवारी घरी ये. ते गाडीत ठेवून ये. आणि त्या पोरीपुढे खाली बसून सांग, की मी तुला जे गुपित ठेवायला दिलं ते तुझं नव्हतं. मी तिला सांगून पाहिलं, ऐकत नाही. म्हणते, "मी वचन दिलंय आजी." तिला मोकळं करणं फक्त तुझ्या हातात आहे.

आल्यावर ती तुला मिठी मारेल, अशी आशा धरू नकोस. काल संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी होते. मागून आली, थोडं लांबच थांबली, आणि विचारलं, "आजी, मी येऊ का? मारणार नाहीस ना?"

तुझ्यावर अजूनही जीव असलेली, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग आलेली,
ट्वायला